बोजा आणि भरवसा

चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा होतो. लाल झेंड्या घेतलेली माणसं वाटा अडवतात, बाकीचे आडोशाला जातात आणि मग जमीन हादरते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. भांडी खणाणली तरी चुलीपुढच्या बाईचा हात थांबत नाही, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला आहे. त्या आवाजामागचा हिशेब मात्र सहसा कुणाला दिसत नाही. स्फोटकांच्या कोठाराला खाणीवर मॅगझिन म्हणतात. किती डिटोनेटर आत आले, किती बाहेर गेले, किती वापरले, किती परत आले, याची नोंद रोजच्या रोज वहीत होते. काही कमी भरलं तर पोलीस ठाण्याला आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला तातडीनं कळवावं लागतं. ही सगळी व्यवस्था शेवटी दोन-चार माणसांवर येऊन थांबते: ज्याच्याकडे किल्ली आहे, जो वही लिहितो, जो वही तपासतो आणि जो रात्री दारावर उभा असतो.

चंद्रपूर-गडचिरोली या जिल्ह्यांत त्या किल्लीचं मोल इतर ठिकाणांहून वेगळं आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभूळखेड्याजवळ पोलिसांची गाडी माओवाद्यांनी सुरुंगानं उडवली, तेव्हा पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मेले. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये दंतेवाड्यातल्या हिरोलीला खाणीच्या स्फोटक कोठारावरच माओवाद्यांनी हल्ला केला, पहाऱ्यावरच्या जवानांना मारलं आणि टनावारी माल पळवला. खाणीतला माल आणि जंगलातला सुरुंग यांच्यामध्ये काय काय उभं असतं, हे तेव्हा दिसलं. भिंत, कुंपण आणि बंदूक यांच्या जोडीला तिथं एक माणूस असतो, आणि त्याच्यावर भरवसा ठेवलेला असतो.

त्या माणसाच्या डोक्यावर थकलेलं कर्ज असेल, तर किल्ली त्याच्याकडे ठेवावी का? जगातल्या बहुतेक सरकारांना हा प्रश्न पडलेला आहे. गुपितं सांभाळणारे, शस्त्रं सांभाळणारे, तिजोरी सांभाळणारे यांची छाननी करताना त्यांच्या देण्याघेण्याकडे पाहायचं की नाही, आणि पाहिलं तर त्यावरून काय ठरवायचं, हा तो प्रश्न. मला तो या भागातल्या घराघरांशी बांधलेला वाटतो, कारण इथं कर्ज नसलेलं घर शोधावं लागतं.

आधी संशयाची बाजू नीट मांडली पाहिजे. हा संशय हवेतून आलेला नाही. राजुरा, कोरपना, जिवती हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथं आजही १७ सप्टेंबर मुक्तिदिन म्हणून पाळतात. तेव्हा राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाविरुद्ध उठलेले गोंड पुढारी कुमराम भीम जोडेघाटला १९४० मध्ये मारले गेले. त्यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञानं निजाम सरकारसाठी तिथल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांचा अभ्यास केला. जमिनी सावकारांकडे आणि बाहेरून आलेल्यांकडे कशा जात होत्या, हे त्यानं गावोगाव फिरून नोंदवलं. त्याच राज्यात तेलंगणाच्या बाजूला भगेला पद्धत होती. थोड्या रकमेपोटी माणूस जमीनदाराच्या घरी राबायला लागायचा आणि ते देणं त्याच्या हयातीत फिटायचं नाही. बापाचं देणं मुलाच्या अंगावर यायचं. वेठबिगारी कायद्यानं बंद व्हायला १९७६ साल उजाडलं. अशा मुलखाला कर्जाची एक गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक असते: कर्जदाराला दोन धनी असतात. एक त्याला पगार देतो आणि दुसरा त्याला रात्री झोपू देत नाही. सरकारला भीती वाटते ती या दुसऱ्या धन्याची. तो उद्या पैशाऐवजी दुसरंच काही मागेल, आणि मागितलेलं दिलं जाईल, ही ती भीती.

कौटिल्याला ही भीती पुरती माहीत होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांची पारख करण्याच्या चार कसोट्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. एकेका मोहाचं सोंग उभं करून माणूस ढळतो का ते पाहायचं आणि ज्या कसोटीत तो टिकला त्या जातीचं काम त्याला द्यायचं. पैशाच्या कसोटीत टिकलेल्याकडे महसूल गोळा करण्याचं आणि कोषाचं काम जातं. पुढे त्याच अधिकरणात शत्रूच्या राज्यातली कोणती माणसं फोडता येतात, याची यादी येते. रागावलेले, लोभी, भ्यालेले आणि मानी असे चार वर्ग तो करतो. या लोभी वर्गात पहिलं नाव आहे ते सगळं गमावून बसलेल्या माणसाचं. त्याच्यानंतर ज्याची मालमत्ता दुसऱ्यानं घेतली तो येतो, मग कंजूष, मग व्यसनी, मग अंगावर येईल असा व्यवहार करणारा.

ही यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी तिथंच अडखळतो. ज्याचं सगळं गेलं तो आणि ज्याला हाव सुटली तो, हे दोघे एकाच ओळीत का बसवले? हेरगिरी करणाऱ्याच्या नजरेतून ते बरोबरच आहे. त्याला आत जायला दार हवं असतं. ते दुःखानं उघडं राहिलं की हावेनं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पण माणसं नेमणाऱ्याची नजर तीच असून चालेल का? त्याला तर त्या माणसाबरोबर तीस वर्षं काम करायचं आहे. कौटिल्याला हा फरक कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. कसोट्यांच्या प्रकरणाच्या शेवटी तो स्वतःच बजावतो की, परीक्षा घेताना निर्दोष माणसाला बिघडवू नका. पाण्यात विष कालवल्यावर पुढे त्याला उतारा सापडेलच असं नाही. आणि पाचव्या अधिकरणात पगारांची कोष्टकं देताना मंत्री, पुरोहित, सेनापती यांच्यासाठी तो वर्षाला अठ्ठेचाळीस हजार पण ठरवतो आणि कारणही देतो: एवढं दिलं की ते फितुरीच्या आमिषाला बळी पडत नाहीत आणि असंतुष्टही राहत नाहीत. पारख करणाऱ्यानं आधी पोटभर दिलं पाहिजे, हा विचार त्याच ग्रंथात आहे. आपण छाननीची प्रकरणं आवडीनं सांगतो आणि पगाराचं प्रकरण उलटून पुढे जातो.

कर्जबाजारी माणूस विकला जातोच, या समजाला आपल्याच इतिहासात मोठं उत्तर आहे. पहिला बाजीराव आयुष्यभर कर्जात होता. मोहिमेला फौज लागे, फौजेला रोख लागे, आणि मुलखातून वसूल येईपर्यंत सावकाराच्या दारात उभं राहावं लागे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्यानं लिहिलेल्या पत्रांत या कर्जाचा जाच इतका उघडपणे येतो की वाचताना आपणच ओशाळतो. स्वामी नुसते गुरू नव्हते, पैसे देणारेही होते, आणि साताऱ्याच्या दरबारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आजच्या कोणत्याही छाननी अधिकाऱ्यानं ही फाईल पाहिली असती तर लाल शेरा मारला असता: देणं मोठं, सावकार सत्तेच्या आतल्या वर्तुळातला, फेडीची खात्री नाही. तरीही बाजीराव विकला गेला नाही. याची कारणं अनेक असतील. मला एकच इथं महत्त्वाचं वाटतं: त्याचं कर्ज सगळ्यांना माहीत होतं. छत्रपतींना माहीत होतं, सरदारांना माहीत होतं, सावकारांना तर होतंच. जे सगळ्यांना माहीत आहे, ते उघड करीन म्हणून धमकी देता येत नाही.

याच्या उलट चित्र अमेरिकेच्या दोन प्रकरणांत दिसतं. रोनाल्ड पेल्टन हा नॅशनल सिक्युरिटी एजन्सीतला माणूस. १९७९ मध्ये दिवाळखोरीत गेला, त्याच सुमारास नोकरी सोडली आणि जानेवारी १९८० मध्ये वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत चालत गेला. समुद्राच्या तळाशी असलेल्या सोव्हिएत केबलवर अमेरिका कान लावून बसली आहे, हे त्यानं नुसत्या आठवणीतून सांगितलं आणि त्याचे त्याला पस्तीस हजार डॉलर मिळाले. १९८६ मध्ये तो दोषी ठरला. ऑल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी. घटस्फोटानंतरच्या देण्यांनी गांजला आणि १९८५ मध्ये पन्नास हजार डॉलरला पहिली नावं विकली. १९९४ मध्ये पकडला जाईपर्यंत त्यानं पाच लाख चाळीस हजार डॉलर रोख मोजून घर घेतलं, जग्वार गाडी घेतली. कर्ज होतं तेव्हा तो संशयाला पात्र होता. कर्ज फिटून पैसा वाहू लागला, तरी कितीतरी वर्षं त्याला कुणी पकडलं नाही. छाननी करणाऱ्यांनी हे मनावर कोरून ठेवावं असं मला वाटतं. गरिबाची थकबाकी कागदावर सहज सापडते. अचानक आलेल्या पैशाकडे पाहायला वेगळी नजर आणि थोडं धैर्य लागतं.

अमेरिकेनं आपली कसोटी लिहून सगळ्यांसमोर ठेवली आहे. जून २०१७ पासून लागू असलेल्या त्यांच्या निर्देशात तेरा बाबी आहेत आणि त्यांतली एक पूर्णपणे आर्थिक वर्तनाची आहे. गुप्त कामासाठी भरायच्या अर्जात मागच्या सात वर्षांतली थकबाकी स्वतः लिहावी लागते. तिकडे नागरिकत्व घेऊन संरक्षण क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनाही हा अर्ज भरावा लागतो. त्या निर्देशात फेडता न येणं आणि फेडायची इच्छा नसणं या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत. सौम्य धरायच्या परिस्थितीही नाव घेऊन दिल्या आहेत: नोकरी जाणं, धंदा बसणं, अचानक आलेलं आजारपण, घरातला मृत्यू, घटस्फोट, लुबाडणाऱ्या सावकाराच्या तावडीत सापडणं. असं काही झालं असेल आणि त्यानंतर माणूस जबाबदारीनं वागला असेल, सचोटीनं फेडू लागला असेल, तर कर्ज असूनही दार बंद होत नाही. मी त्या देशाच्या सगळ्या कारभाराचा चाहता नाही. पण ही यादी वाचताना ती लिहिणाऱ्यांना माणसाच्या आयुष्यात काय काय कोसळतं ते ठाऊक होतं, असं वाटतं.

आपल्याकडेही नियम आहे, आणि जुना आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यातला सतरावा नियम सांगतो की, सरकारी कर्मचाऱ्यानं आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की तो सतत कर्जात राहणार नाही किंवा नादार होणार नाही. कर्जवसुलीसाठी त्याच्यावर कोर्टात कारवाई झाली तर ती हकिकत त्यानं ताबडतोब सरकारला कळवायची. नियमाखाली एक टीप आहे. हे कर्ज नेहमीची काळजी घेऊनही आधी दिसलं नसतं किंवा आपल्या हाताबाहेरचं होतं, उधळपट्टीतून वा व्यसनातून आलेलं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे. म्हणजे फरक करण्याची वाट आपल्या नियमातही आहे. फक्त ती चालायची कर्जदारानं, आणि पुरावा हाती घेऊन. कापूस बोंडअळीनं गेला, सोयाबीन काढणीच्या पावसात कुजलं, आईला नागपूरला न्यावं लागलं, याचा पुरावा म्हणून लोक काय ठेवतात? पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल, दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या. बहुतेक घरांत यांतलं अर्धंही जपलेलं नसतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं या फरकाचं सर्वांत स्पष्ट विवेचन १९८० मध्ये केलं. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रश्न होता की, हुकूमनामा झाला आणि पैसे फेडले नाहीत एवढ्यावरून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येईल का. त्यांनी नाही म्हटलं. नुसतं न फेडणं पुरेसं नाही. फेडायची ऐपत असून टाळण्याची बदनियत हवी. गरिबी हा गुन्हा नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. आपल्या मातीत याच्याही आधीची पायरी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, उठाव पसरला आणि बहुतेक ठिकाणी त्यांनी जाळली ती कर्जाची कागदपत्रं. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कर्जापोटी शेतकऱ्याला अटक करणं थांबवलं. सैनिकाला तर लष्कर कायदा, १९५० वेगळंच संरक्षण देतो: दिवाणी न्यायालयाच्या हुकमानं त्याचा पगार जप्त होत नाही आणि कर्जापोटी त्याला अटक होत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचं चित्त सावकाराच्या हातात जाऊ नये, एवढी समज त्या कलमांत आहे.

आता मात्र वारं उलट दिशेला वाहतं आहे. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं स्टेट बँकेचा एक निर्णय कायम ठेवला. परीक्षा आणि मुलाखत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची नेमणूक बँकेनं पतअहवाल खराब निघाला म्हणून रद्द केली होती. जाहिरातीच्या वेळेपर्यंत आपण देणी चुकती केली होती, असं त्याचं म्हणणं होतं. जाहिरातीत अट आधीच लिहिली होती आणि लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. बँकेपुरता मलाही तो समजू शकतो. काळजी वाटते ती पुढची. तीनशे ते नऊशेमधला एक आकडा हा हळूहळू चारित्र्याचा दाखला होऊन बसेल, आणि त्या आकड्यात बोंडअळी कुठंच दिसणार नाही.

गडचांदूरच्या एका ऑनलाइन सेंटरवर मी हे जवळून पाहिलं. ओळखीतल्या एका मुलाची भरतीत निवड झाली होती आणि तो पडताळणीचा नमुना भरत बसला होता. नमुन्यात प्रश्न ठरलेले असतात: कधी अटक झाली का, गुन्हा नोंद आहे का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, कोणत्या परीक्षेतून बाद केलं का. त्यानं सगळीकडे नाही लिहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "काकाजी, बाबाच्या कर्जावर माही सही आहे. ते थकलं आहे. हे कुठं लिहा लागते?" मी नमुना वरून खालपर्यंत पाहिला. ते लिहायला रकाना नव्हता. सेंटरवाला म्हणाला, "विचारलं नाही तं सांगू नको ना भाऊ." त्याचा सल्ला व्यवहाराचाच होता. पण पोरगा तसाच बसून राहिला. त्याच्या पिशवीत शेताचा सातबारा होता. इतर अधिकारांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, त्याखाली बँकेचा बोजा, प्रत्येकाशेजारी फेरफाराचा क्रमांक. वरचा एक बोजा कंसात गेलेला, म्हणजे कमी झालेला. जमिनीच्या कागदावर घराच्या वीस-पंचवीस वर्षांच्या अडचणी क्रमवार लावलेल्या होत्या. शेताला बोजा सांगायला जागा आहे. माणसाला नाही, हे मला त्या टेबलाशी उमगलं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. धोका कर्जात थोडा असतो आणि कर्ज लपवण्यात फार मोठा असतो. ज्याचं देणं साहेबाला माहीत आहे, सहकाऱ्यांना माहीत आहे, त्याच्यापाशी येऊन कुणी कुजबुजलं तर तो फार तर पैशाच्या मोहात पडेल. ज्यानं ते लपवलं आहे त्याच्यावर मात्र मोहाच्या जोडीला भयाचीही पकड बसते, कारण देणं उघड झालं तर नोकरी जाईल हे त्याला ठाऊक असतं. हे भय त्याच्या मनात कोण घालतं? सावकार घालत नाही. आपली व्यवस्थाच घालते, जेव्हा ती सांगणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला एकच शिक्षा देते. निर्दोष माणसाला परीक्षेनंच बिघडवू नका, असं कौटिल्यानं म्हटलं ते याच जागी लागू पडतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात पडताळणीच्या नमुन्यातल्या लपवाछपवीचा सविस्तर विचार केला. तो विषय गुन्ह्यांच्या माहितीचा होता, कर्जाचा नव्हता. पण त्यातली दृष्टी घेण्यासारखी आहे. उमेदवारानं खरं सांगितलं पाहिजे. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही. आणि खरं सांगितलेल्याचा विचार करतानाही नेमणाऱ्यानं प्रकरण किती गंभीर आहे, कामाचं स्वरूप काय आहे, हे पाहिलं पाहिजे. कर्जाच्या बाबतीत असं मोजमाप नाही. रकाना नसल्यामुळे चौकशी थांबते असंही नाही. ती गावात होते. पोलीस पाटलाला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, पानठेल्यावर विचारतात. कागदावर जागा नसलेली गोष्ट तोंडातोंडी पुढे जाते, आणि बांधावरून भांडण असलेला शेजारी ती आपल्या परीनं सांगतो. मुलानं स्वतः दोन ओळींत लिहिलं असतं तर ते त्याचं निवेदन झालं असतं. आता ती दुसऱ्यानं पुरवलेली खबर होते.

आणखी एक बाजू आहे, ती कंत्राटी पहारेकऱ्यांची. या पट्ट्यातल्या किती दारांवर ठेकेदाराची माणसं उभी आहेत हे पाहावं. बारा तासांची पाळी, हातात येणारा पगार कधी सात तारखेला, कधी वीसला. एक महिना लांबला की घरच्या बाईनं बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सच्या गटातून उचललेला हप्ता चुकतो. गटाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघी दारात येतात. सगळ्या गल्लीसमोर होणारी ती मानहानी बँकेच्या नोटिशीहून जास्त झोंबते. मग हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेतलं जातं. या माणसाची थकबाकी त्याच्या चारित्र्याविषयी सांगते तितकंच त्याच्या ठेकेदाराच्या हिशेबाविषयी सांगते. ज्याला स्फोटकांच्या दारावर निष्ठावान माणूस हवा आहे, त्यानं पगार तारखेला दिला का, हा प्रश्न छाननीत पहिला यायला हवा. सरकारला आणि कंपन्यांना तो विचारणं अवघड नाही; हजेरीपट आणि बँकेतल्या जमेच्या तारखा त्यांच्याकडे असतात.

म्हणून मला छाननी नको आहे असं कुणी समजू नये. जुगाराचं देणं, पगाराला न शोभणारा खर्च, फेडायची ऐपत असून मुद्दाम बुडवणं, एकाच जमिनीवर दोन बँकांना फसवून घेतलेलं कर्ज, या गोष्टी मॅगझिनच्या नोंदवहीपाशी चालायच्या नाहीत. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा बनतो. तिथल्या माणसाविषयी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकात तर एका माणसाच्या तोंडून निघालेल्या वाटेच्या नावावर दहा जणांचा जीव असतो. तिथं कठोरपणाच हवा. पण कठोरपणे विचारायचं तर नमुन्यात रकाना ठेवून विचारावं: कोणतं देणं आहे, कधीचं, कशापोटी, थकलं असेल तर का, आणि फेडीची काय व्यवस्था केली आहे. स्वतःहून सांगितलेलं देणं एवढ्याच कारणावरून नेमणूक नाकारली जाणार नाही, हे त्याच कागदावर छापावं. सेवेत असताना अडचण आली तर कळवायला एक अधिकारी असावा आणि कळवणाऱ्याला लेखी उत्तर मिळावं. काही काळ त्याला नाजूक जागेवरून हलवावं लागलं तर जरूर हलवावं, पण पगार तोच ठेवून. पगार कमी झाला तर देणं वाढतं आणि पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

तोवर मुलांनी आणि त्यांच्या बापांनी काही गोष्टी आपल्या हातानं करून ठेवाव्यात. पतअहवाल देणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. भरतीचा अर्ज भरण्याआधी तो काढून पाहावा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. ती तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकरकमी तडजोडीत मिटवलेलं कर्ज अहवालात पूर्ण फेडलेलं म्हणून दिसत नाही, तडजोड झाली असंच दिसतं. त्यामुळे तडजोडीचं पत्र आणि पैसे भरल्याची पावती दोन्ही जपून ठेवाव्यात. फेडलेल्या पीककर्जाचं बेबाकी पत्र घेऊन तलाठ्याकडे जावं आणि बोजा कमी करून घ्यावा. तो आपोआप उतरत नाही. आणि बापानं मुलाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करायला सांगण्याआधी हे लक्षात घ्यावं की, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अठराव्या वर्षी घरासाठी केलेली सही पोरगा बाविसाव्या वर्षी भरतीला उभा राहतो तेव्हाही चालूच असते. ती कोणत्या कर्जावर, किती रकमेला आणि कोणासाठी केली, हे त्यानं तारीख घालून एका वहीत उतरवून ठेवावं आणि पडताळणीला जाताना ती वही सोबत न्यावी.